थकवा: निरंक

दोष माझ्या वडिलांचा. बेटाच्या धक्क्यावर पाहुण्यांचा थकवा उतरवून घेतात, तिथे त्यांनी माझ्या नावापुढे 'निरंक' लिहायला लावलं.

थकवा मासळीच्या काट्यावर तोलतात, पोत्यात भरतात, पोतं शिवतात आणि पाहुणा परत निघेपर्यंत शेडमध्ये ठेवतात. बाबांचा एकोणचाळीस किलो भरला. त्यात आईचाही होता. बायकांचा नवऱ्याच्या नावावरच घेतात. एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसून कमावलेला आकडा बाबा रांगेतल्या सगळ्यांना ऐकवत होते. कारकून खोबरेकरांनी माझं विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, याने कॉलेज सोडलंय, हा कशाने दमणार?

बेट छान होतं. माड, वाळू, आवाज म्हणून नाही. बाबा दिवसभर झोपाळ्यावर पडून मला सांगायचे, इथली पोरं बघ किती कामसू. मी बघतच होतो. चहा आणणारा वानखेडे होता, नारळ पाडणारा भुसावळचा, खाटा विणणारा सोलापूरचा चिट्याल. सगळे विशी-बाविशीतले, आणि बेटावरचा एकही नाही. कधी आलात विचारलं की दुसरीकडे बघायचे. मला तिथेच संशय आला. वानखेडे कप ठेवता ठेवता एवढंच म्हणाला, "तुझं पोतं आहे ना?"

पाचव्या दिवशी बोटीत चढताना मला अडवलं. माणसामागे पोतं नसलं तर बोट हलकी पडते, असा नियम. मी म्हटलं, आत्ता दमलोय, तोला. खोबरेकर म्हणाले, बेटावर आलेला थकवा बेटाबाहेर नेता येत नाही.

मग ते बाबांकडे वळले. "पालकाने लिहून द्यायचं, मुलगा दमलेला आहे. खाली सही. लगेच सोडतो."

बाबांनी पेन काढलं, टोपण उघडलं.

"काय करून दमला, तेही लिहायचं?"

"नाही. नुसतं दमलेला आहे."

"म्हणजे मी खोटं लिहू?"

आई म्हणाली, माझ्यातला चार किलो द्या त्याला. खोबरेकरांनी रजिस्टर पाहिलं. सगळा बाबांच्या नावावर होता.

"अहो, चारच किलो," आई म्हणाली.

शिवलेलं पोतं उसवायला बाबा तयार नव्हते. जेवढं आणलं तेवढं नेणार, म्हणाले.

बोट अकराला सुटली. आई मागे बघत होती. बाबा पोत्यावर हात ठेवून समोर बघत होते.

मला घरी जाता आलं नाही. येत्या मार्चमध्ये चार वर्षं होतील.