दीड मीटरचा कंपाउंडर

नियम अगदी स्पष्ट होता. सायकलची लेन सायकलवाल्याची, आणि त्याच्या शेजारून जाताना मोटारवाल्याने दीड मीटर अंतर ठेवायचं. प्रत्यक्षात लेनमध्ये मोटारी उभ्या असत आणि उरलेल्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींचे आरसे कंपाउंडरच्या कोपराला घासून जात. बिचारा उतरून सायकल ढकलायचा आणि रोज दवाखान्यात उशिरा पोचायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "उद्या नऊला कुलूप उघडलं नाहीस, तर परवापासून येऊच नकोस."

कंपाउंडर धावत वाहतूक कार्यालयात गेला.

"हक्क आहे की तुम्हाला! पूर्ण आहे!" साहेबांनी तोंडभरून अभिनंदन केलं. "पण दीड मीटर म्हणजे किती, हे मोटारवाल्याला कळणार कसं? त्याला दिसेल असं काहीतरी करा."

त्या संध्याकाळी कंपाउंडरने सायकलला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटरच्या काठ्या बांधल्या, टोकांना लाल फडकी लावली.

"अहो, फाटकातून बाहेर कसे पडणार?" बायकोने विचारलं.

"तिरका."

सकाळी मोटारी चार हात लांबून जाऊ लागल्या. कंपाउंडर शीळ घालत चौकात पोचला, तोच हवालदाराने हात केला. टेप लावला.

"रुंदी तीन मीटर साठ. हा ट्रक आहे."

"मामा, पेडल आहे हो त्याला!"

"असू दे. एवढ्या रुंदीचं ते अवजड वाहन. सायकलच्या लेनमध्ये चालवायचं नाही. नोंदणी करा, नाहीतर इथेच जप्त."

नवाला दहा कमी होते. कंपाउंडरने वाद घातला नाही.

"इंधन?" हवालदाराने फॉर्म काढला.

"चहा. दोन कप."

"क्लीनर?"

"मीच."

शिक्का बसला, आणि चमत्कार झाला. ट्रक म्हटल्यावर बसने वाट दिली, मोटारी कडेला सरकल्या. नऊच्या ठोक्याला कुलूप उघडलं.

"अरे वा, आज वेळेवर!" डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "सायकल कुठे लावलीस?"

"सायकल नाही बाई, ट्रक. लावलाय सायकलच्या लेनमध्ये. एवढा मोठा ट्रक दुसरीकडे मावतो कुठे?"

बाहेर एक मास्तर सायकलवरून उतरून घंटी वाजवत होते. कंपाउंडरने खिडकीतून डोकं काढलं, "कटकट करू नका हो, दोनच मिनिटं!"

तुम्ही हसलात, बरं वाटलं. गोष्ट संपली, आता सायकलच्या लेनमधली तेवढी तुमची गाडी काढा. मागे कोणीतरी मघापासून उभं आहे.