फोटोखालची रिकामी जागा

दत्ताकाकांच्या फोटोखाली कुणी ‘हे कुठलं आहे?’ असं विचारलं की ते उत्तरादाखल तोच फोटो पुन्हा पाठवतात. ‘समजलं नाही’ म्हटलं, तर आणखी एकदा.

शिवाजी पेठेत ते माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद केला. आता रोज सकाळी फेसबुकवर एक फोटो टाकतात. त्याखाली अक्षर नसतं. एकदा गगनबावड्याच्या घाटात जाऊन आले आणि नुसता पांढरा फोटो टाकला. धुकं होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने स्क्रीन गेली समजून मोबाइल दुरुस्तीला नेला.

मी पेपरात बरीच वर्षं फोटोओळी लिहिल्या. ओळीशिवाय फोटो छापत नाहीत, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

“तुमच्या पेपरात मंत्री हार घालतोय,” ते म्हणाले, “आनि खाली लिवता, ‘हार घालताना मंत्री’. लोकं आंधळी हायत व्हय?”

जास्त आग्रह केला, की स्टुडिओत आयुष्यभर ‘हसा’ म्हणालो, तेवढं बोलणं बास झालं, असं म्हणतात.

मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी त्यांनी इस्माईलचाचांचा फोटो टाकला. चाचा आणि काका पेठेत एकाच संघातून फुटबॉल खेळले. पुढे चाचा मुलाच्या काजूच्या कारखान्यावर आजऱ्याला गेले, आणि येणंजाणं हळूहळू थांबलं. फोटोत चाचा गोलपोस्टला टेकून हसत होते.

आपल्याकडे सकाळी सकाळी एकट्या माणसाचा फोटो आला आणि खाली काही नसलं, तर त्याचा अर्थ एकच होतो. पहिली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ चहाच्या आधी पडली. मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. दुपारच्या आत चौकात फ्लेक्स उभा राहिला, त्यावर हाच फोटो. तालमीत संध्याकाळची शोकसभा ठरली.

मी खाली जाऊन काकांना म्हटलं, एक ओळ लिहा, चाचा जिवंत आहेत म्हणून. आजऱ्यात त्यांच्या घरी लोकांचे रडत रडत फोन चाललेत.

“त्यो हसतोय की फोटोत,” काका म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मोबाइल हातात धरून बसले होते. भीती कशाची होती, ते उघड होतं. एवढ्या वर्षांनी इस्माईलची आठवण काढली आणि त्याचा अपमान करून बसलो, हीच.

तेवढ्यात चाचाच दारात आले. आजऱ्याहून गाडी धरून आले होते, वाटेत स्वतःचा फ्लेक्स पाहून.

“दत्त्या, फ्लेक्सवर टक्कल लई चमकाय लागलंय,” ते म्हणाले. बसले, पाणी प्यायले. मग शांतपणे म्हणाले, “मेलेल्याचा फोटो टाकत्यात. जित्त्या माणसाला फोन करत्यात.”

काका अंगठ्याने मोबाइलची काच पुसत राहिले.

“फोन केला की बोलाय लागतंय. काय बोलायचं, याद येत्या म्हनून?”

“मग तेवढंच लिव की खाली.”

काकांनी एका बोटाने लिहायला घेतलं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. चाचा वाकून बघत होते. ओळ पडली: ‘जित्ता हाय. याद आली म्हनून टाकला.’

चाचांनी ती वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

“दत्त्या,” ते म्हणाले, “आजऱ्याची शेवटची गाडी गेली असंल न्हवं?”

“गेली,” काका म्हणाले, आणि उठून कपाटातून जादाची गादी काढू लागले.

बाहेर लख्ख दुपार होती.