मल्लेशमच्या मशीनमधल्या चुका

“काका, हे मशीन चालतं का, का तुमच्यासारखंच तोंड पाडून बसतं?”

विजयमालानं विचारून टाकलं आणि मागे रस्त्यावर उभ्या असलेल्या पोरींच्या घोळक्यात एकदम खसखस पिकली. पैज रुक्सानाची होती. “तेरे में दम है तो पूछ के बता गे,” असं ती शाळा सुटल्यापासून टोचत होती. आणि वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून विजयमाला मुख्याध्यापिकाबाईंनाही भीत नव्हती, तर साखर पेठेतल्या रेडिओवाल्या मल्लेशमला काय भिणार!

मल्लेशमनं मान वर केली. त्याचं दुकान म्हणजे रेडिओंचा दवाखाना होता. फळ्यांवर पोटं उघडी टाकून रेडिओ पडलेले, आणि त्यांच्यामध्ये नातेवाइकासारखा हा बसलेला. मधोमध मात्र एक नवीनच प्रकरण उभं होतं. सागवानी कपाट, कपाटात टीव्ही, टीव्हीखाली दोन गोल खुंट्या. सोलापुरात टीव्हीवर अजून काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे मल्लेशमनं टीव्ही आणला हे ऐकून पेठेत लोक हळहळले होते. पण मुंबईहून आणलेला एक खेळाचा डबा त्यानं त्याला जोडला होता. खुंटी फिरवली की काचेवर दोन पांढऱ्या फळ्या वरखाली सरकायच्या आणि त्यांच्यामध्ये एक पांढरा ठिपका चेंडूसारखा टोले खात हिंडायचा.

“चालतंय,” मल्लेशम म्हणाला. राग नाही, काही नाही. “पण बरोबर चालतंय का न्हाय, मला कळत न्हाय. मी मागं बसून वायरी जोडतंय, पुढं काय दिसतंय कोण सांगणार? तू खेळतं का रोज? पुढं बसायचं. मी मागनं विचारतंय. चुक्का बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं. एवढंच काम.”

विजयमालाचे डोळे लकाकले. चुका बघायच्या आणि मोठ्यानं सांगायच्या! तिच्या जन्मापासून घरात हेच करण्यावरून तिला बोलणी बसत होती. आमटीत मीठ जास्त झालं सांगितलं की आई लाटणं उगारायची, आणि इथं माणूस आपल्या पायानं चालून आलेल्या मुलीला तेच काम देत होता. ‘चुका’ला तो ‘चुक्का’ म्हणाला, त्याचं तिला काही वाटलं नाही. घरी तेलुगू बोलणारी माणसं मराठी शब्दाला एखादा जादा टोला देतातच. वर्गातली पद्मा ‘वही’ला ‘वह्ही’ म्हणते.

“पण मोठ्यानं हां,” मल्लेशम म्हणाला. “एक कान यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. मेहुण्याच्या कारखान्यात. दुसरं रेडिओसाठी ठेवलंय. ह्या गड्ड्याच्या जत्रेत मशीन उभं राहिलं तर राहिलं. न्हाय तर परत मागावर, आणि हे पण कान तिकडंच.”

हे त्यानं उद्याचं पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं. रस्त्यावरचं खिदळणंसुद्धा थांबलं.

दुसऱ्या दिवसापासून विजयमाला दप्तर टाकून मशीनपुढं बसू लागली. तिनं काम असं काही मनावर घेतलं की विचारू नका. साधी माणसं खेळतात तसं ती खेळलीच नाही. खुंटी गरागरा फिरवून बघितली, दोन्ही खुंट्या उलट्या हातांनी धरून बघितल्या, कपाटाला गुडघा मारून बघितला. आणि सापडली की! खालच्या कोपऱ्यात ठिपका फळीतून आरपार जायचा, भुतानं भिंतीतून जावं तसा.

मागून मल्लेशमचा आवाज आला, “चुक्का दिसतंय का?”

“दिसतेय!” ती ओरडली. “लई मोठी दिसतेय!”

“मोठी?” मागे चिंता पसरली. “मोठी कशी? बारीक पाहिजे.”

बारीकसारीक चूक चालेल म्हणतो वाटतं, किती समजूतदार माणूस, असं विजयमालाला वाटलं. मागे स्क्रू फिरले, काच अंधुक झाली.

“आता?”

तेवढ्यात तिनं कपाटाला पुन्हा गुडघा मारला होता, आणि न खेळताच एक गुण वाढला होता. “आता दोन!”

“दोन?”

“दोन! स्पष्ट दोन!”

मल्लेशम धावत पुढं आला. काचेवर एकच ठिपका इमानेइतबारे टोले खात होता. त्यानं ठिपक्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि मागे गेला. पुन्हा विचारलं. पुन्हा दोन. मग त्यानं सगळ्या तारा उपसल्या आणि एकेक सांधा नव्यानं डाख देऊन पक्का केला.

असं रोज चाललं. ती तीन म्हणाली की तो तीनदा पुढं येऊन बघायचा. ती “आज एक वर आहे, एक खाली” म्हणाली, तेव्हा तर त्यानं दुकानाच्या उंबऱ्यावर लिंबू कापलं. बायकोला, सुंदरम्माला, त्यानं सांगितलं, “मशीन मला बघून लाजतंय. मी पुढं गेलं की एक, मागं गेलं की तीन. ह्याच्यात काहीतरी हाय.” मुळातच पडलेलं त्याचं तोंड आता कुठं पडायचं शिल्लक राहिलं नव्हतं.

विजयमाला मात्र खुशीत होती. आपण चूक सांगावी आणि मोठ्या माणसानं निमूटपणे ती काढत बसावं, असं सुख तिनं पूर्वी भोगलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे चुका खरंच कमी होत होत्या. तारांचे सगळे सांधे घट्ट बसल्यावर कोपऱ्यातलं आरपार जाणं थांबलं, गुडघ्याचे फुकट गुण थांबले. शेवटी तिनं मशीनला लाथ घातली, तरी मशीन हूं की चूं करेना.

“अगं, पण काका खूश आहेत का?” रुक्सानानं विचारलं.

“ते चेहऱ्यावर दाखवत नाहीत,” विजयमाला म्हणाली.

मग तो दिवस आला. गड्ड्यावरच्या जागा वाटणारे बसलिंगप्पा मशीन बघायला दुकानात आले. डोक्याला पटका, तोंडात पान, आणि आल्या आल्या खुर्ची. मागे एक आरसेवाला लोंबकळत होता. माणूस जाडा दिसतो, बारीक दिसतो, असल्या आरशांचा. त्यालाही तीच जागा हवी होती.

“दाखवा बघू लवकर,” बसलिंगप्पा म्हणाले. “मला अजून पाळणेवाल्याकडं जायचंय.”

मल्लेशम मागे गेला. बटण दाबल्याचा आवाज आला. काच उजळली. फळ्या आल्या, ठिपका आला, आणि विजयमालानं खुंट्या हातात घेतल्या. काय सुंदर चाललं होतं ते! लोण्यातून सुरी फिरावी तसं. बसलिंगप्पांचं पान चावणं थांबलं. ते खुर्चीत पुढं सरकले.

मागून घाबराघुबरा आवाज आला, “चुक्का?”

हीच ती वेळ, विजयमालाच्या मनात आलं. बसलिंगप्पांनाही ऐकू जावं म्हणून तिनं ढाल जिंकणारा आवाज काढला. “एकपण नाही!”

“एकपण न्हाय?”

“एकसुद्धा नाही! सगळ्या गेल्या!”

“गेल्या?” मागे काहीतरी धपकन पडलं.

“गेल्या, काका! कायमच्या गेल्या!”

मागे मल्लेशमनं काय ओढलं, काय पिळलं आणि काय कशाला लावलं, ते त्याचं त्यालाही पुढं सांगता आलं नाही. फट्ट झालं. ठिपका काचेच्या मधोमध येऊन क्षणभर ताऱ्यासारखा चमकला आणि विझला. कपाटाच्या फटीतून धूर निघाला.

बसलिंगप्पा उठले. “धुराची जागा गड्ड्यावर वेगळी असती, मल्लेशम. तिकडं भजी तळतात.” आणि आरसेवाल्याच्या खांद्यावर हात टाकून ते पाळणेवाल्याकडं निघून गेले.

विजयमालाला कळेचना. चूक नाही म्हटल्यावर माणसानं पेढे वाटायचे, तर हा मागे बसून धुराकडं बघत होता. ती हळूच दप्तर उचलून घरी आली आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुंदरम्मा त्यांच्या दारात उभी राहिली. विजयमालाचे आप्पा, रामहरी, पेपर वाचत होते. आई मुक्ताबाई परातीत भाकरीचं पीठ घेऊन बसली होती.

“आली बघ तक्रार,” आई पुटपुटली. “या हो, आत या. काय केलं आमच्या कार्टीनं?”

“तिनं चुक्का गेलं म्हणाली,” सुंदरम्मा म्हणाली. “म्हणून ह्यांनी वायर ओढलं. जागा गेलं. सोमवारपासून मागावर जाणार.”

“अहो, पण चुका गेल्या तर वायर कशाला ओढायची?” आप्पा म्हणाले. “चुका गेल्या म्हणजे चांगलंच की!”

“चांगलं कसं? चुक्का गेलं तर खेळायचं काय?”

“चुकांशी खेळतात व्हय?”

सुंदरम्मानं कपाळाला हात लावला. मग ती खाली बसली, परातीतल्या पिठावर बोट टेकवलं, शेजारी परत टेकवलं. “हे चुक्का. हे चुक्का. रांगोळीत घालतंय ते. तुमच्यात काय म्हणतात?”

“ठिपका!” मुक्ताबाई म्हणाली.

आप्पांचा पेपर आपोआप खाली आला. लई मोठी दिसतेय. आता दोन. एक वर, एक खाली. कायमच्या गेल्या. विजयमालाला एकेक वाक्य आठवत गेलं आणि एकेकासरशी ती भिंतीला जास्त जास्त चिकटत गेली.

सुंदरम्मानं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, कळलं नाही, बहुतेक दोन्ही. “मशीनमध्ये भूत हाय म्हणून बसलाय त्यो माणूस,” ती म्हणाली. “हे त्याला कोण सांगणार?”

विजयमाला चपला न घालताच पळाली. दुकानात मल्लेशम दिवा न लावता मशीनशेजारी बसला होता. तिनं त्याच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

“म्हणजे तू चुका शोधत होतं,” तो म्हणाला. तिनं त्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच जादा टोल्याशिवाय ऐकला.

“हो.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी एकपण नव्हती, काका. खरंच. मी लाथसुद्धा मारून बघितली होती.”

“मग मी बरोबर बनवलं होतं,” मल्लेशम म्हणाला. त्याचं तोंड किंचित वर आलं, जेमतेम एक सूत, आणि पुन्हा जागेवर गेलं. “सोमवारी मागावर जातंय. संध्याकाळी सुटलं की येतंय. पुढच्या गड्ड्यापर्यंत होईल, न होईल. कान राहील, न राहील.”

ती घरी परतली तेव्हा आई-आप्पा तिची वाटच बघत बसले होते. दोघांनी मिळून बोलणी तयार ठेवली होती. ती चेहऱ्यावरच दिसत होती.

“त्या दुकानाची पायरी परत चढायची नाही,” आप्पांनी सुरुवात केली.

“मी संध्याकाळी रोज जाणार आहे,” विजयमाला म्हणाली. “काका मागे बसणार, मी पुढं. आणि त्याच्या आधी तासभर सुंदरम्माकाकूंकडं तेलुगू शिकायला. माझं ठरलंय.”

“तेलुगू!” आई म्हणाली. “तेलुगू शिकून काय ते मशीन चालू होणारय?”

“चालू नाही होणार, आई,” विजयमाला म्हणाली. “पण चालू झालं, तर माझ्या तोंडानं बंद तरी पडणार नाही.”