आचारी, कढई आणि तेहतिसावा सेकंद

आमच्या घरात माझ्या परवानगीशिवाय एकही शब्द आत येत नाही! उगाच नाही सांगत. कॉलेजात 'प्रसारमाध्यमं आणि कायदा' या पेपरात मला अठ्ठ्याहत्तर मार्क होते. टीव्हीला कुठले नियम, वर्तमानपत्राला कुठले, इंटरनेटला कुठले, सगळं तोंडपाठ. परीक्षेनंतर त्यातलं किती उरलं ते मात्र विचारू नका.

त्यातून शुक्रवारी टिकलीची शाळेत प्रवेशाची भेट होती. टिकली म्हणजे माझी साडेतीन वर्षांची लेक. परक्या माणसासमोर तोंडाला कुलूप! शाळेच्या बाईंसमोर तिनं दोन शब्द बोलावेत आणि ते चांगले असावेत, एवढंच माझं मागणं होतं.

आणि बुधवारी सकाळी सासूबाईंच्या फोनवर एक आचारी प्रकटला. कार्यक्रम टीव्हीवरचा, पण त्याचा तुकडा एका वर्तमानपत्रानं आपल्या वेबसाइटवर टाकलेला. आचाऱ्याच्या पायावर कढई पडली आणि त्यानं असा काही शब्द सोडला की माझ्या हातातला चहा जागीच गार झाला!

"आई, बंद करा आधी! हिनं ऐकलं असणार!"

"कसलं काय! ती चमच्याला झोपवतेय. तिचं लक्षसुद्धा नव्हतं. जाऊ दे गं."

खरंच, टिकली चमच्याला रुमाल पांघरत होती. पण मी पडले अठ्ठ्याहत्तर मार्कांवाली. जाऊ देते होय? लावला टीव्हीवाल्यांना फोन.

"ताई, कुठे पाहिलंत तुम्ही?"

"फोनवर."

"मग ते आमच्याकडे येत नाही. टीव्हीवर आम्ही त्या जागी पींऽऽ वाजवलं होतं."

मग वर्तमानपत्राला.

"कितव्या पानावर?"

"पानावर नाही हो, वेबसाइटवर."

"हा छापील मजकुराचा विभाग आहे. कागदावर ही बातमी छापताना आम्ही फुल्या मारल्यात. हव्या तर मोजा."

म्हणजे टीव्हीवर पीं, कागदावर फुल्या आणि फोनवर मात्र अख्खा शब्द, गरमागरम! मग जबाबदार कोण? मी एका कागदावर बाण काढायला बसले. टीव्हीकडून वर्तमानपत्राकडे, तिथून वेबसाइटकडे, तिथून परत टीव्हीकडे. संध्याकाळी तो कागद टिकलीनं भोवरा म्हणून रंगवला.

शेवटी वेबसाइटवरच तक्रारीचा अर्ज सापडला. 'आक्षेपार्ह शब्द नेमक्या कितव्या सेकंदाला?' मी तुकडा लावला. बत्तीस? पुन्हा लावला. तेहतीस! खात्रीसाठी आणखी चारदा. शब्द लिहिला, अर्ज पाठवला. लगेच उत्तर: 'आपल्या अर्जात आक्षेपार्ह शब्द असल्याने तो स्वीकारता येत नाही.' फुल्या मारून पाठवला. उत्तर: 'शब्द अपूर्ण आहे.'

गुरुवारी तक्रार निवारण अधिकाऱ्यांचाच फोन आला.

"हं, शब्द सांगा."

"अहो, वाईट आहे तो."

"वाईटाचे आमच्याकडे चार गट आहेत, ताई. शब्द कळल्याशिवाय कुठल्या गटात घालू?"

मी तोंडावर हात धरून पुटपुटले.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं!"

सांगितला.

"एकेक अक्षर सुटं करून?"

केलं सुटं!

"आता सलग म्हणा, म्हणजे ताडून बघतो."

म्हटला. खणखणीत! समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या धाडकन बंद झाल्या. वळून बघते तर दारात टिकली, चमच्याला कडेवर घेऊन. या वेळी तिचं पूर्ण लक्ष होतं.

शुक्रवार. बाईंनी चेंडू दाखवला. कुलूप. बदकाचं चित्र दाखवलं. कुलूप.

"बरं, राहू दे. आई घरी काय करते गं?"

कुलूप उघडलं! टिकलीनं मूठ कानाला लावली, फोनसारखी. आधी सुटी अक्षरं. मग सलग.

बाईंचं पेन हवेत थांबलं. "कोण म्हणतं असं?"

टिकलीनं अभिमानानं माझ्याकडे बोट केलं.

"नाही हो बाई! आचारी... म्हणजे कढई... टीव्हीवर पीं होतं, पण वेबसाइटवर... थांबा, दाखवतेच तुम्हाला!" मी घाईघाईनं फोन काढला, तुकडा उघडला. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ: 'एका जागरूक पालकाच्या तक्रारीवरून हा व्हिडिओ काढून टाकण्यात आला आहे.'

दोन दिवसांत! माझा पुरावा मीच पुसला होता!

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. 'उच्चार: अत्यंत स्पष्ट. घरातलं वातावरण: पुन्हा भेटून ठरवू.'

ती भेट सोमवारी आहे. सासूबाई बरोबर येणार आहेत. टिकलीला सांभाळायला नव्हे. मी तोंड उघडलं की पींऽऽ करायला.