म्हशीवर पारखलेलं रीळ

वसंताने मुंबईहून पाठवलेलं पार्सल नंदकुमारने देवघरासमोर फोडलं. त्यातून दोन रिळं निघाली. मोठं रीळ पाहून रजनीने आधी पदराला हात पुसले आणि मग विचारलं, "हे काय मागवलंत? रहाट?"

"मासे धरायचं रीळ आहे."

"एवढा मोठा मासा आपल्या तापीत कुठला?"

"तापीतला नाही. समुद्रातला. शार्क."

रजनीने एकदा रिळाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ती भाकरी उलटायला आत निघून गेली. आपला भाऊ वसंता काही पाठवतो तेव्हा जपून बोलावं, एवढं तिला कळत होतं.

या रिळामागे देशाचा नकाशा होता. छप्पन सालच्या नोव्हेंबरच्या एक तारखेला जुना मध्यप्रदेश मोडून नवा होणार होता. नागपूर आणि वऱ्हाड मुंबईकडे जाणार होतं आणि बऱ्हाणपूर जागचं न हलता भोपाळकडे जाणार होतं. गावं जागेवर राहत होती, माणसं मात्र वाटली जात होती. बऱ्हाणपुरात शनवारा भागातल्या नंदकुमारच्या सरकारी कचेरीत रोज कुणीतरी कुणाचा तरी निरोप घेत असे आणि दुसऱ्या दिवशी हुकूम फिरला म्हणून पुन्हा कामावर येत असे. एकाच माणसाला दोनदा हार घालायची वेळ आल्यावर लोकांनी हार घालणं बंद केलं.

नंदकुमारला कुठेच जायचं नव्हतं. तो कचेरीतला हेडक्लार्क, म्हणजे तिथल्या भाषेत बडे बाबू, आणि संध्याकाळी राजघाटाच्या पायऱ्यांवर बसून काहीही न करणं ही त्याची एकुलती एक चैन होती. ती दुसऱ्या गावी मिळेल याची त्याला खात्री नव्हती. पण मराठी नोकर म्हणून त्याचं नाव मुंबईच्या यादीत पडणार अशी कुजबुज होती. रजनीचं माहेर अकोल्याचं, त्यामुळे ती या कुजबुजीवर सोमवार करत होती. ही आपत्ती टाळायला एकच उपाय होता. कचेरीचे प्रमुख गुप्तेसाहेब यांनी बदलीवर जाण्यापूर्वी, बऱ्हाणपुरातच राहू देण्याच्या नंदकुमारच्या अर्जावर चांगला शेरा मारायला हवा होता.

गुप्तेसाहेब मूळचे कोकणातले. त्यांनी मुंबई मागितली, त्यांना रत्नागिरी मिळाली. बऱ्हाणपुरात तीन वर्षं ते राजघाटावर गळ टाकून बसले. तेवढ्या काळात त्यांना एक वाम मासा आणि एक चप्पल लागली, त्यातली वाम निसटली. बदलीचा हुकूम आला त्या संध्याकाळी ते नदीकडे पाहत म्हणाले होते, "नंदकुमार, खरी मासेमारी आता. किनाऱ्यावर उभं राहून शार्क ओढायचा! म्हशीएवढं धूड असतं. पण त्याला रीळ मोठं लागतं हो. दोर संपला की माणूस संपला."

हे वाक्य नंदकुमारने कचेरीत सांगितलं आणि तिथेच निरोपाची भेटवस्तू ठरली. निवड करायचं काम अर्थातच त्याच्याकडे आलं. वसंताच्या ओळखीच्या दुकानदाराने दोन रिळं दोर भरून पसंतीला पाठवली. नको असेल ते परत करायचं. लहान रीळ चकचकीत, हातात घेतलं तर घड्याळासारखं वाटे. मोठं मात्र काळं, जड, आणि दिसायला फारच उदास होतं. नंदकुमारला ते पाहताक्षणीच आपलं वाटलं, आणि म्हणूनच त्याचा स्वतःच्या निवडीवर विश्वास बसेना.

त्याने कचेरीची रोकड सांभाळणाऱ्या नाझर गिरधरला बोलावलं. गिरधरच्या घरी तीन पिढ्यांचा सुताचा धंदा. त्याने दोन्ही रिळं कानाशी नेऊन फिरवली.

"नंदूभाऊ, लहानं झकास आहे. पण वरून पाहून रीळ घेत नसतात. आमच्या बाजारात शेवटच्या टोकापर्यंत खोलून पाहतात. मधात गाठ निघाली म्हणजे मग कुणाले सांगान?"

"अरे, हे मुंबईचं दुकान आहे."

"म्हणून तर खोला म्हणतो."

बऱ्हाणपुरात सुताचं रीळ न खोलता घेणारा माणूस मुलीचं लग्नही न पाहताच जमवतो असं समजतात. नंदकुमारने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लहान रिळाचं टोक ओट्याच्या खांबाला बांधलं आणि गिरधर रीळ घेऊन शनवारा दरवाजाच्या दिशेने चालत गेला. गाठ कुठेच निघाली नाही. परत येताना मात्र शेळ्यांचा एक कळप दोरावरून गेला, त्यांच्यामागून टांगा गेला आणि टांग्याच्या चाकाने उरलेला दोर आपल्याभोवती व्यवस्थित गुंडाळून घेतला. चाक रिळापेक्षा चांगलं गुंडाळतं हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. टांगेवाला जे बोलला ते हिंदीत होतं, आणि त्यातलं बरंचसं गिरधरच्या तीन पिढ्यांबद्दल होतं.

"माल एक नंबर होता," गिरधर दोराचा भारा काखेत धरून म्हणाला. "एक बी गाठ नाही निघाली."

"आता किती आहेत?"

गिरधरने भाऱ्याकडे पाहिलं. "आता मोजनं कठीण आहे."

निवड अशी आपोआप झाली. मोठं रीळ उरलं. पण तेही न पारखता साहेबांच्या हाती द्यायचं आणि रत्नागिरीला ते ऐनवेळी दगा देणार, साहेब समुद्रात जाणार, आणि अर्जावरचा शेरा बुडता बुडता बदलणार, असं सगळं नंदकुमारला रात्रभर दिसत राहिलं. गल्लीत तर आता काही खोलायची सोय नव्हती. टांगेवाले एकमेकांना सांगून मोकळे झाले होते.

"नदीवर जाऊ," गिरधर म्हणाला. "साहेब काय म्हनले होते? म्हशीएवढं. मग म्हशीलेच बांधू ना! सोजरबाईची म्हैस रोज सांजच्याले पोहून जैनाबादले जाते."

नंदकुमारला या बोलण्यात चूक सापडेना. नेमकी अशा वेळी त्याला चूक सापडत नसे.

सोजरबाई नदीपलीकडच्या जैनाबादची. ती दुधाचा रतीब घालायला नावेने इकडे येई, तिची म्हैस या काठाला चरे आणि संध्याकाळी दोघी आपापल्या मार्गाने परत जात. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माही म्हैस मासा?"

"फक्त नदी ओलांडेपर्यंत, सोजरबाई."

"अन् तुमी तिले मांगून ओढसान?"

"ओढणार नाही. ती किती ओढते ते पाहणार."

"ते तर मीच सांगते. माह्या नवऱ्याले वढत नेलं होतं तिनं, हतनूरच्या बाजारातून. तो बी सोडे ना, ते बी सोडे ना." मग जरा विचार करून ती म्हणाली, "शिंगाले बांधा. गळ्याले बांधसान तर याद राखा."

निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी संध्याकाळ धरून सगळे राजघाटावर जमले. साहेबांना काही कळू नये म्हणून चपराशी उखर्डूला कचेरीत ठेवलं होतं. त्याने सह्यांचे कागद एकेक करून द्यायचे आणि अंधार पडेपर्यंत पुरवायचे, असं ठरलं होतं. पाऊस संपून गेला होता, पण तापी अजून भरलेली होती. एका जाड वेळूला रीळ बसवलं, दोराचं टोक म्हशीच्या शिंगात अडकवलं, आणि जबाबदारीचा माणूस म्हणून वेळू नंदकुमारच्या हाती आला.

म्हैस पाण्यात उतरली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. दोर सुळसुळ सुटत गेला, रीळ एका सुरात गुणगुणत राहिलं आणि नंदकुमारला बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं. नाव गेली, तिच्या मागून म्हशीचं डोकं गेलं, म्हैस पलीकडच्या काठाला लागली, तरी रीळ संपेना.

"गाठ नाही!" गिरधर ओरडला. "एक बी नाही!"

तेवढ्यात घाटाच्या वरच्या पायरीवरून उखर्डू धापा टाकत खाली आला.

"बडे बाबू, साब निकल गये!"

"कुठे?"

"इकडंच. दौतीतली शाई संपली. मी म्हनलो आणतो, तर बोले, राहू दे, आज नदीले भेटून घेतो."

गुप्तेसाहेब खरोखरच खालच्या अंगाला, बुरुजाआडच्या शेवटच्या पायरीवर आपला जुना गळ टाकून उभे होते. त्यांची पाठ घाटाकडे आणि तोंड धारेबरोबर खालच्या पाण्याकडे होतं आणि मन भरून आलं होतं. तिकडे जैनाबादच्या काठावर म्हशीने आपल्या घराचा रस्ता धरला. तो रस्ता काठाकाठाने, प्रवाहाच्या दिशेने जात होता. तिच्याबरोबर नदीवर ताणलेला दोरही खाली सरकत निघाला, आणि साहेबांच्या गुडघ्यामागे येऊन पोचला.

पडताना साहेब इंग्रजीत ओरडले. पाण्यातून वर आले तेव्हा मराठीत.

त्यांना पोहता येत नव्हतं. तीन वर्षं नदीकाठी बसलेल्या माणसाला ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी हाताला लागला तो दोर धरला, मनगटाला गुंडाळला आणि ते धारेला लागले. पलीकडे म्हशीने एकदा मान झटकली, शिंगातला फास निघाला आणि ती घरी गेली. आता दोराच्या एका टोकाला नंदकुमार होता आणि दुसऱ्या अंगाला गुप्तेसाहेब.

"ओढा! नंदूभाऊ, ओढा!"

नंदकुमारने मूठ फिरवली. मूठ फिरली, पण दोर आत यायच्या ऐवजी बाहेर जायला लागला.

"ब्रेक!" नदीतून आवाज आला. "ती चांदणीसारखी चकती! ती आवळा!"

"कोणत्या बाजूला, साहेब?"

"उज— " साहेब बुडाले, आणि वर आले. "उजवीकडे! आता वेळू वर करा! वर! आता खाली आणताना गुंडाळा!"

"असं?"

"घाई नको! ढील द्या! अहो, ढील द्या, मनगट तुटतंय माझं! हां... आता घ्या!"

नदीत बुडणारा माणूस आणि काठावर भेदरलेला माणूस यांच्यात इतकं शिस्तीचं काम कचेरीत कधी झालं नव्हतं. मासा कसा खेळवायचा हे साहेबांनी पुस्तकातून पाठ केलं होतं आणि आज प्रथमच ते कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं. शेवटी गिरधर आणि उखर्डू कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि त्यांनी साहेबांना काखेत धरून पायरीवर घेतलं.

साहेब बराच वेळ पाणी ओकत राहिले. मग त्यांची नजर वेळूवर गेली.

"हे रीळ कुणाचं, नंदकुमार?"

"आपलंच, साहेब. उद्या मिळायचं होतं."

साहेबांनी रिळावरून हात फिरवला. "दोर किती शिल्लक आहे?"

"पुष्कळ आहे, साहेब. म्हैस जैनाबादला पोचली तरी संपला नव्हता."

"म्हैस?"

गिरधर धोतर पिळत राहिला.

त्या रात्री नंदकुमार जेवला नाही. रजनीने त्याच्या ओल्या बंडीकडे पाहून विचारलं, "शेरा गेला म्हणायचा का?"

"शेरा काय, आता पेन्शनही गेलं."

रजनीने दुसऱ्या दिवशी अकोल्याला तार करायचं मनातल्या मनात पक्कं केलं आणि त्याला प्रेमाने ताक दिलं.

पण समारंभात साहेब वेगळंच बोलले. गहिवरून बोलले. आपला प्राण कुणामुळे वाचला हे त्यांनी सांगितलं, आणि प्राण धोक्यात कुणामुळे आला याकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. रीळ हाती घेताना त्यांनी नंदकुमारचा हात दाबला. "तुमच्या अर्जावर शेरा मारला आहे. असा शेरा मी उभ्या नोकरीत कुणावर मारला नसेल. निश्चिंत राहा."

नंदकुमार निश्चिंत राहिला. तीन आठवडे तो राजघाटावर अगदी मनापासून काहीही न करता बसला. मग हुकूम आला. साहेबांनी लिहिलं होतं की, अशा माणसाला मागे ठेवून मी जाऊ शकत नाही. सरकारने शेऱ्याचा मान राखून नंदकुमारला रत्नागिरीला नेमलं होतं.

"रत्नागिरीच्या वाटेत अकोला लागतं?" रजनीने विचारलं.

"नाही. ते उलट्या दिशेला आहे."

ती भरलेल्या ट्रंकेवर बसली आणि शनवाऱ्यासाठी रडायला लागली. सोमवार तिने त्याच दिवशी सोडले.

रत्नागिरीला रोज संध्याकाळी साहेब आणि नंदकुमार समुद्रावर जात. साहेब आता पाण्याच्या जवळ येत नसत. ते मागे कोरड्या वाळूत खुर्चीवर बसून सूचना देत आणि नंदकुमार गुडघाभर पाण्यात रीळ धरून उभा राही. समुद्राला पलीकडचा काठ नव्हता. कितीही वेळ पाहिलं तरी जैनाबाद दिसत नसे. साहेबांना न मागता मिळालेलं गाव आपल्याला बक्षीस म्हणून मिळालं, याचा त्याला रागही येईना. राग कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं. म्हशीवर काढणं त्याला बरं वाटेना.

मग पुढच्या श्रावणात एका संध्याकाळी दोराला ओढ लागली. रीळ एका सुरात गुणगुणू लागलं.

"ब्रेक!" साहेब खुर्चीवर उभे राहून ओरडले. "नंदकुमार, चकती! उजवीकडे!"

नंदकुमारचा हात चकतीवर होता. तो त्याने तसाच राहू दिला. जे काही होतं ते मागे वळून न पाहता आपल्या घरी चाललं होतं.

"दोर संपतोय, नंदकुमार!"

"हो, साहेब."

टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि रीळ थांबलं. साहेब वाळूतून जमेल तेवढं जवळ आले, म्हणजे फार नाही. रिकाम्या रिळाकडे पाहून त्यांनी दीर्घ श्वास सोडला.

"लहान पडलं हो. याहून मोठं निवडायला हवं."

"मेहुण्याला आजच लिहितो, साहेब. दोन मागवतो, पसंतीला." नंदकुमारने वेळू खांद्यावर घेतला. "पण न पारखता घेणं बरं नाही. आणि पारखायचं तर बऱ्हाणपूरला जावं लागेल. इथली म्हैस समुद्रात उतरत नाही, मी विचारून पाहिलं."

साहेबांनी यावर गंभीरपणे विचार केला. रिळाच्या बाबतीत ते हयगय करणारे नव्हते.

"रजा किती लागेल?"

"नदी भरलेली असेपर्यंत, साहेब."