राहणार, कंपौंडरकाकांचे घर

"तुम्ही निवांत बसा हो. आणि तू जरा मागे सर, त्यांच्या अंगावर सावली पाडू नकोस."

खिडकीतून हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, शेजारी कोणी बडे पाहुणे आले असावेत. डोकावून पाहिलं, तर 'तुम्ही' म्हणजे खरूज झालेलं एक कुत्रं होतं आणि 'तू' म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर.

नगरला राहायला येऊन आम्हाला तेव्हा आठवडाच झाला होता. शेजारचे कंपौंडरकाका माणसांना अरे-तुरे करतात आणि जनावरांना अहो-जाहो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि कोणी मनावर घेत नव्हतं. तीस वर्षं ते गुरांच्या दवाखान्यात कंपौंडर होते. निवृत्त झाल्यावर दवाखान्यानं त्यांना हार घालून निरोप दिला; त्यांनी मात्र दवाखान्याला निरोप दिला नाही. रोज सकाळी सात वाजता ओट्यावर एक बाक, एक बादली आणि औषधांच्या चार बाटल्या मांडून ते बसत. त्यातलं जांभळं औषध त्यांचं विशेष लाडकं. गल्लीतली निम्मी कुत्री जांभळी झालेली होती. "या माणसाची रंगपंचमी काही संपत नाही," असं आई म्हणायची.

"पेशंट आधी, नातेवाईक नंतर," हे काकांचं ब्रीद. मालक तक्रार सांगू लागला की ते हात वर करून त्याला थांबवत आणि कुत्र्याकडे वळून विचारत, "काय होतंय?" मग बराच वेळ ऐकत. खरंच ऐकत.

मी त्यांच्या तावडीत सापडले ते अक्षरामुळे. बी.ए.चा निकाल लागून मी घरी बसले होते. शाळा कॉन्व्हेंटची. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्य मनात इंग्रजीत जुळवायची, मग मराठीत आणायची, मग ते बरं वाटतंय का ते पाहायची. तोवर समोरचा माणूस चहा पिऊन गेलेला असे. काकांनी एकदा मला वाण्याची यादी लिहिताना पाहिलं आणि म्हणाले, "तुझं अक्षर पेशंटला आवडेल. उद्यापासून ये. बोलू नकोस, नुसतं लिही."

इतकं सोयीचं आमंत्रण मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मी केसपेपर लिहू लागले. रुग्ण, मालक, राहणार, तक्रार. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गावंच्या गावं कामाच्या शोधात बाहेर पडली होती. बाजाराच्या भिंतीलगत, बंद गोदामाच्या पडवीत माणसं पथारी टाकून राहत आणि त्यांच्याबरोबर त्यांची जनावरंही. 'राहणार'पाशी माझा हात थांबला की काका म्हणत, "आपला पत्ता घाल. रकाना रिकामा दिसला की पेशंटला धसका बसतो." थोड्या दिवसांत त्या दोन खोल्यांच्या घरात, कागदोपत्री, सव्वीस कुत्री, चार मांजरं आणि एक पोपट राहायला लागला. काकांना स्वतःला अंथरूण घालायला जागा कुठून मिळते, असा प्रश्न तो कागद वाचणाऱ्याला पडला असता.

अशातच पारूबाई आल्या. पाथर्डीकडच्या. दिवसभर खडी फोडायच्या आणि गोदामाच्या पडवीत पडायच्या. बरोबर एक कान फाटलेला तांबडा कुत्रा. त्याचं नाव सरपंच.

"सरपंच?" मी चक्क तोंडानं विचारलं.

"व्हय. आमचा खरा सरपंच निवडून आल्यापून कधी दारात आला न्हाई. ह्यो तरी येतो."

"सरपंच, तोंड उघडा," काका म्हणाले. सरपंचांनी उघडलं.

औषध लावता लावता काकांनी विचारलं, "धर्मशाळेत जागा आहे म्हणतात. तू का जात नाहीस?"

"गेल्ते की. मला घेत्यात, ह्याला न्हाई. घर पडलं तवा समदी आपापल्या वाटंनं गेली, ह्यो माझ्यामागं चाळीस मैल चालला. आता मी एकटी आत जाऊन निजू व्हय?"

काकांनी जांभळं औषध जरा जास्तच लावलं.

त्याच सुमारास बिन बिल्ल्याची कुत्री धरून न्यायला नगरपालिकेची गाडी फिरू लागली. बिल्ला मिळायला अर्ज हवा, अर्जाला पत्ता हवा, नाव त्याच घरातल्या माणसाचं हवं आणि एका नावावर एकच बिल्ला. काकांचं स्वतःचं नाव आधीच स्टँडवरच्या एका म्हाताऱ्याच्या कुत्र्याला गेलं होतं. सरपंचांचा अर्ज काकांनी मला सांगितला, "नाव लिही, सुशीला. राहणार, इथेच. वय..." जरा थांबून म्हणाले, "एकोणपन्नास." काका बासष्टचे. मला वाटलं, गावाकडची बहीण असेल. विचारायचं म्हणजे वाक्य जुळवायला हवं होतं. मी लिहून टाकलं.

"कागदावर कुनाचं बी नाव घाला," पारूबाई बिल्ला बांधता बांधता म्हणाल्या, "झोपायचं ते माझ्यापाशीच."

पंधरा दिवसांनी एक कारकून तपासणीला आला. सकाळची वेळ, ओट्यावर गर्दी. कोपऱ्यावर ती गाडी उभी होती. कारकून भला माणूस होता, पण वहीशी प्रामाणिक.

"काका, या सुशीलाबाईंना जरा बोलवा. सही राहिली आहे त्यांची."

काका बाटलीचं बूच घट्ट करत राहिले. ते आधीच घट्ट होतं.

"तिची सही मिळायची नाही," ते म्हणाले. "बायको माझी. जाऊन अकरा वर्षं झाली."

सरपंच शेपटी हलवायचे थांबले.

"अहो, मग नाव कशाला घातलंत?"

"यांना एक नाव हवं होतं," काकांनी सरपंचांकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाले, "आणि रेशनकार्डावरनं काढलं तेव्हापासनं तिचं नाव कुठं लिहायचा प्रसंगच येत नाही रे. या पोरीचं अक्षर चांगलं आहे. म्हटलं, एकदा नीट लिहून होईल."

मी लिहिलेला तो अर्ज कारकुनाच्या हातात होता. वय, एकोणपन्नास.

"वाईट वाटतं, काका. पण हा बिल्ला काढावा लागेल," तो म्हणाला आणि खाली वाकला. पारूबाईंनी सरपंचांच्या गळ्यात दोन्ही हात घातले. "मला बी घाला मंग गाडीत," त्या म्हणाल्या. काका, ज्यांनी हेडमास्तरांना मागे सारलं होतं, ते माणसांच्या त्या गर्दीत कोणालाच काही म्हणेनात. नुसते बुचाकडे पाहत होते.

आमच्या दारात आई उभी होती. ओट्यावर पंधरा-वीस माणसं होती. माझ्या मनात इंग्रजीतलं एकही वाक्य तयार नव्हतं.

"तो अर्ज रद्द करा आणि नवा लिहून घ्या," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की माझीच मी दचकले. "माझ्या नावावर. पत्ता, हे शेजारचं घर. सरपंच आमच्याकडे राहतात."