त्रेपन्न पायऱ्या आणि एक

सोनकुडीच्या कनिष्ठ महाविद्यालयात दिव्यांगांच्या समावेशनावर कुणी भाषण केलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याला एक पायरी वाढलेली असे.

हे पहिल्यांदा शेषरावमामांच्या ध्यानात आलं. मामा तिथले शिपाई. एकोणीस वर्षं ते रोज सकाळी जिना पुसत आणि एकोणीस वर्षं पायऱ्या बावीसच भरत. जुलैत कुणी पाहुणे येऊन 'दिव्यांग आणि आपण' या विषयावर तासभर बोलून गेले आणि दुसऱ्या दिवशी मामांचं फडकं तेविसाव्या पायरीवर गेलं. पायरी इतरांसारखीच काळ्या दगडाची, मधोमध झिजलेली. वरचा मजला तेवढा वर सरकला होता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या खिडकीला टेकणारी लिंबाची फांदी आता खिडकीखाली राहिली होती. मामांनी कार्यालयात जाऊन कळवलं.

"पायरी फुटली का?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"न्हाई साहेब. वाढली."

"मग ते दुरुस्तीत बसत नाही," हेडक्लार्क म्हणाले आणि पुढच्या कागदाला लागले.

मामांशिवाय पायऱ्या मोजणारं दुसरं माणूस म्हणजे बारावी विज्ञानची कावेरी डोईफोडे. तिला मोजण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. लहानपणापासून तिच्या दोन्ही पायांना कॅलिपर होते आणि काखेत दोन कुबड्या. एका पायरीला तिला अर्धं मिनिट लागे. बावीस पायऱ्यांना अकरा मिनिटं, हे तिचं अकरावीपासूनचं गणित. पिठाची गिरणी उघडायच्या आधी तिचे वडील, अण्णा, तिला लुनावर फाटकात सोडत, ते त्या हिशेबानंच.

वेळेचं तिला फारसं वाटत नसे. माणूस लवकर उठू शकतो. तिची काळजी हातांची होती. जिना चढून गेलं की हात थरथरत, आणि रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात थरथरत्या हाताचं काम नाही. ब्युरेटमधून जांभळं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं आणि खालच्या फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला की त्याच थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त पडला की रंग भडक होतो आणि गुण जातात. कावेरीला औषधं तपासायच्या कामात जायचं होतं. हा फिकट गुलाबी रंग तिला जगातल्या कुठल्याही रंगापेक्षा प्रिय होता. बावीस पायऱ्यांनंतर हात पाच मिनिटांत स्थिर होत. जुलैनंतर आणखी सहा भाषणं झाली, पायऱ्या एकोणतीस झाल्या आणि दहा मिनिटं लागू लागली.

तीन डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाला, सभागृहात कार्यक्रम झाला. सभागृह अर्थातच वरच्या मजल्यावर. कावेरीला व्यासपीठावर बसायचं होतं, कारण कार्यक्रम तिच्याबद्दल होता. प्रास्ताविक, स्वागतपर दोन शब्द, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय समारोप आणि आभार अशी पाच भाषणं झाली. मग मुलांना समावेशनाची शपथ दिली, डोळ्यांना रुमाल बांधून पटांगणात दहा मिनिटं चालवलं आणि वेफर्स दिले. दुसऱ्या दिवशी चौतीस पायऱ्या भरल्या. आभारप्रदर्शनही धरलं जातं, हे त्या दिवशी कळलं. शपथ मात्र दोनशे मुलांनी घेऊनही मोजली गेली नव्हती, कारण ती कुणी मनापासून ऐकली नव्हती किंवा मनापासून म्हटली नव्हती, असं मामांचं मत पडलं. कावेरीला ते पटलं नाही. भाषणं तरी कोण मनापासून ऐकत होतं!

तिनं अर्ज लिहिला आणि प्राचार्य देशमानेसरांच्या दालनात गेली. दालन तळमजल्यावर होतं, हे एक बरं.

"एकतर प्रयोगशाळा खाली आणावी, नाहीतर भाषणं थांबवावीत," सरांनी अर्ज मोठ्यानं वाचला. "बाळ, भाषणं कशी थांबवणार? वरून परिपत्रक आहे. सत्राला किमान दहा."

"मग प्रयोगशाळा, सर? शेजारची मोठी खोली रिकामीच आहे."

"रिकामी कुठे? तो समावेशन कक्ष आहे."

"त्यात काय असतं, सर?"

"बॅनर असतं. माईक आणि स्पीकर असतो. कुलूप लावावं लागतं." सरांनी चष्मा काढला. सर तसे मनानं लोण्यासारखे. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "तुझी वेदना मला कळते, कावेरी. खरी दिव्यांग तू नाहीस, खरा दिव्यांग हा समाज आहे..." ते चार मिनिटं बोलले.

बाहेर मामा उभे होते. "बंद खोलीतलं धरत्यात का न्हाई, उद्या बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पस्तीस भरल्या. धरतात.

सर गप्प बसणारे नव्हते. त्यांनी लगोलग पायरीवाढ निवारण समिती नेमली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं. समितीचं उद्घाटन सभागृहातच झालं, तीन जण बोलले आणि पायऱ्या अडतीस झाल्या. समितीनं सखोल विचार करून असा निष्कर्ष काढला, की तरुणांमध्ये जागृती कमी पडते आहे. म्हणून जानेवारीत समावेशन सप्ताह ठरला.

त्या सप्ताहात बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात रोज वाढला गेला. पंधरा भाषणं झाली. शेवटच्या दिवशी लिंबाच्या झाडाचा शेंडा प्रयोगशाळेतून खाली वाकून बघावा लागत होता.

जागृती मात्र खरोखर झाली. ती कानांतून झाली नाही, पोटऱ्यांतून झाली. पूर्वी कावेरी जिना चढू लागली की मुलं "ए, बाजूला व्हा रे" म्हणत भिंतीला चिकटायची आणि स्वतःच्या बुटांकडे बघायची. आता कबड्डीच्या संघाचा कर्णधारही तिसाव्या पायरीवर बसकण मारी. तिथेच कावेरीही टेकत असे. दीड वर्ष एकाच वर्गात असलेली तस्लीम पठाण तिथे पहिल्यांदा तिच्याशेजारी बसली. धाप ओसरल्यावर तिनं विचारलं, "तू हे अकरावीपासून करतीस?"

"हो."

"आन कुणी इचारलं न्हाई तुला, काय पाहिजे म्हणून?"

"भाषणात विचारलं होतं."

तस्लीम हसली नाही. ती उठून कावेरीची बॅग घेऊन वर गेली, आणि नंतर रोजच घेऊन जाऊ लागली. त्या दिवशी घरी गेल्यावर कावेरीला रडू आलं. ते पायऱ्यांमुळे नव्हतं. चांगलं वाटल्यामुळे होतं, आणि त्याला दीड वर्ष नि एवढा दगड लागला याच्या रागामुळेही होतं.

नऊ फेब्रुवारीला रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पायऱ्या त्रेपन्न, म्हणजे साडेसव्वीस मिनिटं, आणि पुढे हात स्थिर व्हायला अर्धा तास. अण्णांनी तिला आठ वाजता सोडलं. ती पहिल्या पायरीवर कुबडी टेकवणार, तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली. तीतून बाहेरगावचे परीक्षक वायाळसर उतरले. अंगानं भरलेले आणि उजव्या गुडघ्याला पट्टा. प्राचार्य गुलाबाचं फूल घेऊन धावले. वायाळसरांनी मान वर करून जिना पाहिला.

"किती आहेत?"

"त्रेपन्न, सर."

"माझा गुडघा दुखतोय. परीक्षा खाली घ्या."

"हो सर. लगेच, सर."

अर्ज नाही, समिती नाही, परिपत्रक नाही. मामांनी समावेशन कक्षाचं कुलूप काढलं. बॅनर गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं. बारावीची चौसष्ट मुलं जिन्यावर एका रांगेत उभी राहिली आणि ब्युरेट, स्टँड, फ्लास्क, बाटल्या हातोहात खाली आल्या. काचेचं एक भांडं फुटलं नाही. देशमानेसर मदत करावी की मार्गदर्शन, अशा विचारात मधेच उभे होते. तस्लीम म्हणाली, "सर, टेबलाचं ते टोक धरा की." सरांनी धरलं. सगळं पस्तीस मिनिटांत झालं. कावेरी भिंतीशी उभी राहून घड्याळ बघत होती. पस्तीस मिनिटं! तिच्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं ज्याच्यावाचून ती जिना चढत होती ते पस्तीस मिनिटांचं काम होतं, आणि ते एका गुडघ्यानं केलं होतं. तिचा नव्हता तो गुडघा, एवढाच फरक.

पण हात स्थिर होते. नऊ वाजता ती ब्युरेटसमोर उभी राहिली. थेंब, थेंब, थेंब, आणि फ्लास्कमध्ये रंग उतरला. फिकट गुलाबी. वायाळसरांनी फ्लास्क उजेडाकडे धरला. "असा रंग पोरांना जमत नाही," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे लंगडत गेले.

परीक्षा संपली. देशमानेसर दारात उभे होते, आणि त्यांनी चष्मा काढला होता. वर्गानं ते ओळखलं. चौसष्ट मुलांनी श्वास रोखला.

"आज आपल्या महाविद्यालयानं सर्वसमावेशकतेचा एक आदर्श..."

"सर, नका," तस्लीम म्हणाली.

"दोनच शब्द," सर म्हणाले आणि वीस मिनिटं बोलले. अगदी मनापासून बोलले. बोलताना त्यांनी कावेरीच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत जीवशास्त्राची परीक्षा होती. कावेरी फाटकातून आत आली, जिन्याकडे न बघता खोलीकडे वळली. खोलीच्या दाराशी पायरी होती. काळ्या दगडाची, मधोमध झिजलेली. शेषरावमामा ती पुसून फडकं पिळत होते.

"एक," ते म्हणाले.

कावेरीनं मान डोलावली आणि पायरीवर कुबडी टेकवली. ती घरून अर्धं मिनिट आधी निघाली होती.